कशासाठी सुरक्षित?

तेलवाहू जहाजावर भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीची धास्ती जास्त असते. किनाऱ्यावरच्या माणसाला हे पटकन पटत नाही. त्याला वाटतं, तेल उतरवलं, टाकी मोकळी झाली, आता पेटायला उरलं काय? पण पेटते ती तेलाची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. कच्च्या तेलाच्या वाफेसाठी ही पट्टी साधारण १ ते १० टक्क्यांची. १ टक्क्याच्या खाली वाफ इतकी विरळ असते की पेट घेत नाही. १० टक्क्यांच्या वर इतकी दाट, की तिला जळण्यापुरता प्राणवायू मिळत नाही. खालच्या टोकाला आम्ही एलईएल म्हणतो, वरच्या टोकाला यूईएल. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी आणि वाफ दाट. रिकाम्या टाकीत मात्र भिंतींना चिकटलेला, तळाशी राहिलेला थोडासा माल वाफ सोडत राहतो. त्यात बाहेरची हवा शिरली, तर हजारो घनमीटरची ती पोकळी नेमकी या पट्टीत येऊ शकते.

मी टँकरवर कॅडेट म्हणून चढलो आणि पुढे चीफ ऑफिसर झालो. टँकरवर मालाची सगळी जबाबदारी चीफ ऑफिसरची. टाक्या भरणं, रिकाम्या करणं, धुणं आणि माणूस आत उतरवायचा की नाही हे ठरवणं, हे सगळं त्याच्याकडे. मला भेटलेले पहिले चीफ ऑफिसर मल्याळी होते, कमी बोलणारे. 'टाकी सेफ आहे सर' असं मी सांगितलं की ते तीनच गोष्टी विचारायचे : कशासाठी सेफ? कशाने मोजलंस? किती वाजता? तिन्हींची उत्तरं नसतील तर परत डेकवर जायचं. सुरुवातीला मला हा परीक्षा घेण्याचा प्रकार वाटायचा. पुढे जबाबदारी माझ्या खांद्यावर आली तेव्हा कळलं, की टँकरवरच्या सुरक्षेची सगळी परिभाषा या तीन प्रश्नांवर उभी आहे. तिथला प्रत्येक शब्द म्हणजे एक मोजमाप किंवा एक करायची कृती. मोजमाप झालं नसेल, कृती केली नसेल, तर तो शब्द उच्चारायचा हक्क आपल्याला नाही.

'इनर्ट' हा शब्द घ्या. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. डिसेंबर १९६९ मध्ये, एकाच महिन्यात, मार्पेसा, मॅक्ट्रा आणि काँग हाकोन सातवा या तीन महाकाय टँकरांवर आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात स्फोट झाले. मार्पेसा तर बुडालंच. तिन्ही जहाजं माल उतरवून परत निघालेली होती आणि तिन्हींवर टाक्या धुण्याचं काम चालू होतं. पाण्याचे जोरदार फवारे टाकीच्या भिंतींवर आपटले की बारीक तुषारांचं धुकं तयार होतं आणि त्या धुक्यात स्थिर विद्युतभार साठतो, हे त्यानंतरच्या संशोधनातून पुढे आलं. एवढ्या प्रचंड टाक्यांमध्ये ठिणगी पडायला बाहेरून कुणी काडी लावायची गरज नव्हती. ठिणगीची सगळीच कारणं संपवता येत नाहीत, तेव्हा टाकीतला प्राणवायूच काढून घ्यायचा, या विचाराने मग जोर धरला. सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात पुढे मोठ्या टँकरांना इनर्ट गॅसची, म्हणजे प्राणवायू अगदी कमी असलेल्या वायूची, यंत्रणा सक्तीची झाली. २०१६ पासून बांधल्या जाणाऱ्या ८,००० टन आणि त्यावरच्या नव्या टँकरांनाही ती लागू आहे.

कच्च्या तेलाच्या जहाजावर हा वायू बहुधा बॉयलरच्या धुरातून मिळतो. धूर स्क्रबरमध्ये पाण्याने धुवायचा, थंड करायचा, ब्लोअरने ढकलायचा आणि डेक वॉटर सीलमधून टाक्यांमध्ये सोडायचा. हे सील म्हणजे पाण्याचा अडसर. टाकीतली वाफ उलटी इंजिनरूमकडे जाऊ नये म्हणून. टाकीकडे जाणाऱ्या वायूत प्राणवायू ५ टक्क्यांहून जास्त नको, टाकीत ८ टक्क्यांहून जास्त नको. प्राणवायू ११ टक्क्यांच्या खाली गेला की तेलाची वाफ पेटू शकत नाही; ८ ची मर्यादा त्याच्याही आत राखलेलं अंतर आहे. माल उतरवताना पंप तेल ओढतात, टाकीत पोकळी होते आणि ती भरायला बाहेरची हवा आत येऊ पाहते. म्हणून टाकीतला दाब सतत बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा. रात्रीच्या वॉचमध्ये त्या दाबाच्या आणि प्राणवायूच्या आकड्यांवरून नजर हलवायची नसते.

आता याच टाकीकडे माणसाच्या बाजूने पाहा. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. ८ टक्क्यांच्या टाकीत उतरलेला माणूस शिडीच्या पहिल्या टप्प्यावरच शुद्ध हरपून खाली कोसळू शकतो. म्हणजे एकच टाकी, एकच वेळ, एकच शब्द. जहाजासाठी ती सुरक्षित आणि माणसासाठी प्राणघातक. 'कशासाठी सेफ?' हा प्रश्न म्हणून पहिला.

इनर्ट टाकी माणसाच्या उपयोगाची करायची, तर वाटही नेमकी धरावी लागते. तपासणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी टाकी गॅस-फ्री करायची असते, म्हणजे वाफ काढून तिथे ताजी हवा भरायची असते. थेट पंखे लावून ताजी हवा सोडली, तर दाट वाफ विरळ होता होता त्या १ ते १० टक्क्यांच्या पट्टीतून जाणार, आणि त्या वेळी प्राणवायूही वाढत असणार. म्हणून आधी पर्जिंग करतात. इनर्ट गॅसच सोडत राहायचा आणि वाफेचं प्रमाण २ टक्क्यांच्या खाली आणायचं. त्यानंतर ताजी हवा सोडली, तर मिश्रण पेटत्या पट्टीला न शिवता खाली उतरतं. पर्जिंग आणि गॅस-फ्रीइंग हे दोन शब्द नवख्याला सारखेच वाटतात. त्यांचा क्रम बदलला, तर जहाज जाऊ शकतं.

दुसरा प्रश्न कशाने मोजलं. स्फोटक वाफ मोजणारं नेहमीचं एलईएल मीटर आतल्या तापलेल्या घटकावर ती वाफ जाळतं आणि त्या उष्णतेवरून आकडा दाखवतं. जाळायला प्राणवायू लागतो. इनर्ट टाकीत हे मीटर सोडलं तर आत वाफ असूनही आकडा जवळपास शून्य येऊ शकतो. तिथे वाफेचं प्रमाण थेट टक्क्यांत मोजणारं वेगळं उपकरण लागतं. त्याला आम्ही टँकस्कोप म्हणतो. मीटर खोटं बोलत नाही, चुकीच्या जागी नेलेलं मीटर दिशाभूल करतं. शिवाय एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. वर, मध्ये, तळाशी, निरनिराळ्या झाकणांतून नळी सोडून आकडे घ्यायचे. प्राणवायू पूर्ण २१ टक्के, वाफ एलईएलच्या १ टक्क्याच्या आत आणि विषारी वायू नेमून दिलेल्या मर्यादेच्या खाली, हे सगळं एकत्र जुळलं तरच प्रवेशाचा परवाना लिहायचा.

विषारी वायूंमध्ये आम्हाला सर्वांत जास्त सांभाळावं लागे ते हायड्रोजन सल्फाइडपासून. आखातातल्या काही कच्च्या तेलांत गंधक भरपूर असतं; अशा तेलाला 'सावर क्रूड' म्हणतात. थोड्या प्रमाणात या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढून १०० पीपीएमच्या आसपास गेलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. एवढ्या बारीक प्रमाणासाठी नाकावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून डेकवर प्रत्येकाच्या छातीशी लावलेलं छोटं मीटर हे त्याच्या बुटांइतकंच आवश्यक.

आणि ज्वालाग्राही माल कधी पाहिलाच नाही अशा जागाही माणसाचा जीव घेतात. बरेच दिवस बंद राहिलेल्या बॅलास्ट टाकीत फक्त समुद्राचं पाणी असतं. पण पोलादाला गंज चढताना तो आतला प्राणवायू खातो. नांगराच्या साखळीची खोली, दोन टाक्यांमधली कॉफरडॅमची पोकळी, पामतेलासारखं खाद्यतेल उतरवलेली टाकी, या सगळ्या नियमांच्या भाषेत 'बंदिस्त जागा' आहेत. तिथे स्फोट होत नाही, धूर होत नाही. म्हणूनच एक जण पडला की दुसरा त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो. जगभरच्या अशा अपघातांमध्ये वाचवायला गेलेलेच मेल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा सापडतात. १ जानेवारी २०१५ पासून बंदिस्त जागेतून माणूस बाहेर काढण्याचा सराव दर दोन महिन्यांनी सक्तीचा झाला, तो यासाठी.

तिसरा प्रश्न वेळेचा. एका छोट्या प्रॉडक्ट टँकरवर आम्ही केरोसीन भरत होतो. जहाज लहान, त्या काळच्या नियमांप्रमाणे त्याला इनर्ट गॅसची सोय नव्हती. केरोसीन, विमानाचं इंधन, डिझेल यांना 'स्टॅटिक अक्युम्युलेटर' म्हणतात. विद्युतवाहकता ५० पिकोसीमेन्स प्रति मीटरहून कमी असल्यामुळे पाइपातून वाहताना निर्माण झालेला विद्युतभार त्यांच्यातून लवकर निघून जात नाही. म्हणून टाकीचा तळ झाकला जाईपर्यंत पाइपातला वेग सेकंदाला १ मीटरच्या वर न्यायचा नाही. भरणं संपल्यावरही तेलाची पातळी मोजायची धातूची फीत किंवा नमुन्याचं भांडं आत सोडायचं तर निदान ३० मिनिटं थांबायचं. त्या दिवशी माल मोजायला किनाऱ्यावरून आलेल्या सर्व्हेअरना घाई होती, पुढचं जहाज वाट पाहत होतं. त्यांनी फीत काढली. आमचा पंपमन दापोलीकडचा, वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा. तो झाकणापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, अजून वेळ झाली नाही. तुम्ही चहा घ्या, वेळ झाली की मीच बोलावतो." सर्व्हेअर रागावले, माझ्याकडे तक्रार आली. मी पंपमनच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. इंग्रजीतला नियम त्याला वाचून दाखवता आला नसता, पण तेलाला शांत व्हायला वेळ लागतो आणि तोवर त्याच्या जवळ धातू न्यायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नियम माहीत असणं म्हणजे काय, हे मी त्या माणसाकडून शिकलो.

पुढे केमिकल टँकरवर गेलो तेव्हा परिभाषा कितीतरी वाढली. तिथे एकाच जहाजावर वीस-पंचवीस टाक्या आणि प्रत्येकीत वेगळा माल असू शकतो. एकीत मिथेनॉल, दुसरीत कॉस्टिक सोडा, तिसरीत स्टायरिन. कोणता माल कोणाच्या शेजारी ठेवायचा नाही, याचे तक्ते असतात. या गोष्टीला आम्ही कम्पॅटिबिलिटी म्हणतो. मुंबईकराला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या मालवाहू जहाजावर स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. कापसाला आग लागली, स्फोटकं उडाली आणि पुढे काय झालं ते मुंबईने भोगलं. आगीशी झुंजताना गेलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

स्टायरिनची गोष्ट तर प्रत्येक प्रशिक्षणार्थीला सांगावी अशी. या द्रवाचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊ लागतात, उष्णता निर्माण होते, उष्णतेने वेग वाढतो आणि प्रक्रिया हाताबाहेर जाऊ शकते. ते रोखण्यासाठी त्यात टीबीसी नावाचं इनहिबिटर मिसळतात. मालाबरोबर त्याचं प्रमाणपत्र येतं : इनहिबिटर कोणतं, किती, कोणत्या दिवशी घातलं, किती काळ टिकेल, तापमानाची मर्यादा काय आणि त्याला काम करायला प्राणवायू लागतो का. टीबीसीला लागतो. म्हणजे इतर अनेक मालांवर प्राणवायू दूर ठेवायला आपण निर्धास्तपणे जो नायट्रोजन पसरतो, तोच इथे जास्त झाला तर संरक्षण काढून घेतो. एका टाकीचं औषध शेजारच्या टाकीचं विष ठरू शकतं. 'सेफ' हा सरसकट वापरायचा शब्द नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

नायट्रोजनबद्दल अजून एक सांगायला हवं. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, घशाला खवखवत नाही. शरीर कोणतीच सूचना देत नाही. एका जहाजावर नायट्रोजन भरलेल्या टाकीच्या शिडीच्या वरच्या टप्प्यावर नमुना घ्यायचं भांडं अडकलं. एक तरुण खलाशी म्हणाला, श्वास रोखून दोन पायऱ्या उतरतो आणि घेऊन येतो. आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे प्रमुख, त्याच्यापुढे आडवे झाले. "मीटर सोडलंस का? परवाना कुठाय? मग त्या भांड्याला राहू दे तिथंच." भांडं दुसऱ्या दिवशी टाकी हवेशीर करून, मोजून, परवाना लिहून काढलं. कामात खोळंबा झाला, पण तो मुलगा आपल्या पायांनी घरी गेला.

सगळीकडे असं घडत नाही. २८ फेब्रुवारी २००४ रोजी बो मरीनर हा केमिकल टँकर अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्याजवळ स्फोट होऊन बुडाला. जहाजावर इथेनॉल होतं. आधी एमटीबीई हे ज्वालाग्राही रसायन वाहून रिकाम्या झालेल्या २२ टाक्यांची झाकणं साफसफाईसाठी उघडलेली होती. हवेपेक्षा जड असलेली वाफ डेकवर पसरली. २७ जणांपैकी फक्त सहा वाचले. जहाजावर नियमांची पुस्तकं नव्हती असं नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीत वरिष्ठ अधिकारी आणि खालचे खलाशी यांच्यातल्या दुराव्याची, खलाशांना वाटणाऱ्या भीतीचीही नोंद झाली. विचारायची हिंमत नसेल तर सगळी परिभाषा कपाटात राहते, हा त्या अहवालाचा मला भिडलेला अर्थ.

म्हणून चीफ ऑफिसर झाल्यावर मी दोन गोष्टी कसोशीने पाळल्या. पहिली, माल भरण्याआधीच्या बैठकीत सूचना वाचून दाखवायच्या आणि मग प्रत्येकाला त्या आपल्या भाषेत सांगायला लावायच्या. कोकणातला खलाशी मराठीत, सौराष्ट्रातला गुजरातीत, तुतुकुडीचा तमिळमध्ये बोलायचा. ती भाषा जाणणारा दुसरा कुणीतरी ते बरोबर आहे का बघायचा. जहाजाची सामाईक भाषा इंग्रजीच हवी, याबद्दल दुमत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये सागरी संभाषणाची प्रमाण वाक्यं ठरवून दिली, ती याचसाठी. पण वाक्य पाठ होणं आणि ते हातापायांत उतरणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर स्वतःच्या भाषेत सांगताना लगेच उघडं पडतं. दुसरी गोष्ट, वॉकीटॉकीवर नुसतं 'ओके' चालणार नाही. व्हॉल्व्हचा नंबर, तो उघडला की बंद केला आणि स्वतः पाहिलं का, एवढं बोलायचंच.

जहाज आणि धक्का यांच्यातल्या सुरक्षा यादीत आमच्या काळी काही मुद्द्यांसमोर 'आर' हे अक्षर असायचं. त्याचा अर्थ, ही गोष्ट एकदा पाहून संपत नाही, ठरलेल्या तासांनी पुन्हा पाहायची. स्कपर, म्हणजे डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकं, बंद आहेत का, मूरिंगचे दोर ताणलेले आहेत का, टाकीतला दाब बरोबर आहे का. पहाटे चार वाजता, पावसात, मुंबई बंदरातल्या बुचर बेटाच्या धक्क्यावर उभं राहून ही यादी भरताना खोलीत बसून खुणा करण्याचा मोह कुणालाही होईल. पण सकाळी मोजलेला आकडा दुपारी खरा असेलच असं नाही. ऊन चढलं की गाळातून नवी वाफ सुटते, पंखा बंद पडतो, शेजारच्या टाकीतून गळती होते. प्रवेशाच्या परवान्यावर वेळ लिहिलेली असते. ती संपली की परवाना संपला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता मी तरुण मुलांना शिकवतो. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून, मराठवाड्यातून, विदर्भातूनही मुलं येतात. त्यांना फ्लॅश पॉइंटची, म्हणजे द्रवाची वाफ पेट घेऊ शकेल अशा किमान तापमानाची, व्याख्या पाठ असते, ६० अंश सेल्सिअसची सीमाही ठाऊक असते. प्रशिक्षण संस्थांना माझं सांगणं आहे की पर्यायांवर खुणा करून घेण्याबरोबरच मुलाला उभं करा आणि हे तुझ्या आईला कसं समजावशील ते सांग, असं विचारा. वरिष्ठ अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की काम थांबवणाऱ्या कनिष्ठाला इतर सगळ्यांसमोर शाबासकी द्या; पुढचा जीव त्यामुळे वाचेल. आणि जहाजावर निघालेल्या मुला-मुलींनो, न मोजलेल्या गोष्टीला कधीही 'सेफ' म्हणू नका. दुसरा कुणी म्हणाला, तो कितीही वरच्या हुद्द्यावरचा असो, तरी नम्रपणे विचारा : कशासाठी, कशाने मोजलं, किती वाजता? उत्तर मिळेपर्यंत टाकीत पाऊल टाकू नका.